पन नामंजूर

आमच्या मेढ्याकडं एखाद्याला खाली बघायला लावायचं असेल तर शिवी देत नाहीत. ‘लागला बाबा एकदाचा मार्गाला’ असं म्हणतात. नोकरी लागलेल्याला, दारू सुटलेल्याला, तुरुंगातून सुटून आलेल्याला आणि मला, अशा चौघांना आमच्या गावानं हे सर्टिफिकेट दिलेलं आहे.

मला ते मिळालं भावकीतल्या एका लग्नात. पंगतीत शेजारी बसलेले चुलते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “शेवटी लागलास बग मार्गाला. दवाखान्यातली नोकरी हाय, मान हाय. आता त्येवढं क्यास काप.”

“आवं काका,” मी म्हणालो, “मी हरवलो कवा हुतो?”

त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि वाढप्याला मठ्ठा आण म्हणून हाक मारली. बारा वर्षं मी रॉक बँडमध्ये गात होतो, म्हणजे बारा वर्षं हरवलेलाच होतो, हे त्यांच्या लेखी उघडच होतं. पुण्यातले माझे जुने श्रोते याच गोष्टीला दुसरं नाव देतात. ते म्हणतात, ‘विकला गेलास यार.’ एक बाजू पाठ थोपटते, दुसरी नाक मुरडते, आणि दोघांचाही हिशेब एकच: तेव्हाचा मी वेगळा आणि आताचा वेगळा. मला दोघांचाही सारखाच राग येतो. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सातारच्या कॉलेजात आम्ही चौघं भेटलो. गिटारवाला विट्याचा, बेसवाला खंडाळ्याचा, ड्रमवाला साताऱ्यातलाच आणि गळा माझा. सरावाला जागा म्हणून गावाबाहेरची एक बंद पडलेली पोल्ट्री शेड मिळाली. कोंबड्या गेल्या होत्या, वास राहिला होता. पहिले सहा महिने स्पीकरच्या जाळीतून पिसं निघायची. मी गायचो ते गाणं म्हणजे गुरगुरणं. पोटातून दाब देऊन घशाच्या तळातून काढलेला खर्जातला आवाज. त्याला सूर असतो, पण तो ओळखायला कान तयार लागतो. शेडशेजारच्या मळ्यातली म्हातारी एकदा कंदील घेतल्यासारखी बॅटरी घेऊन भरदुपारी आली. आत अंधार असेल असं तिला वाटलं होतं. म्हणाली, “म्हस अडलीया का रं? सोडवाया मानूस बोलवू?”

घरी आईचं वेगळंच. मी सराव करून आलो की ती हळद घातलेलं दूध पुढं ठेवायची. बारा वर्षं तिनं माझ्या गाण्यावर औषध केलं.

आणि ‘बँड’ हा शब्द. आमच्याकडं बँड म्हणजे लाल कोट, पितळी वाजंत्री आणि पुढं नवरदेवाचा घोडा. ‘माझा बँड आहे’ म्हटलं की समोरचा लग्नाची तारीखच सांगायचा. एकाला आम्ही खूप समजावलं, तो म्हणाला, “काय बी वाजवा, पन मोठ्यानं वाजवा.” मग गेलो. ट्रॉलीवर ड्रम चढवले, जनरेटर लावला, मी पहिली आरोळी ठोकली आणि घोडा नवरदेवासकट उसाच्या फडात घुसला. त्यानंतर आम्हाला वरातीला कुणी विचारलं नाही. मी अजूनही म्हणतो की त्या दिवशी आम्ही सुंदर वाजवलं होतं.

आधी मी इंग्रजीतून गायचो. इंग्रजी माझं कच्चं, पण गुरगुरण्यात कुणाला कळतंय? बंगळुरूच्या एका कार्यक्रमात मधेच शब्द विसरलो. समोर गर्दी, मागं ड्रम थांबेना. तोंडातून आलं ते आमच्या घाटाखालचं: “का रं गड्यांनू, लय झालं व्हय?” समोरच्या कानडी पोरांना अर्थ लागला नसेल, पण आवाज लागला. सगळी गर्दी अंगावर आली. त्या दिवसापासून मी माझ्या बोलीत गायला लागलो. तेव्हा साताऱ्यातले एक प्राध्यापक म्हणाले होते की आधीच आवाज घाणेरडा, त्यात भाषा अशुद्ध. मी ते वाक्य आमच्या पोस्टरवर छापलं.

बाराव्या वर्षी घशात गाठ आली. कॅन्सरची नव्हे, चुकीच्या दाबानं कंठावर येते तसली. पुण्यातल्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडं गेलो. त्यांनी नळीतून कॅमेरा आत सोडला आणि पडद्यावर मला माझा घसा दाखवला. दोन पांढरे पडदे उघडत होते, मिटत होते. बारा वर्षं मी ज्याच्या जिवावर उड्या मारल्या ते हे एवढंसं. बाई म्हणाल्या, “तुम्ही गळा वापरत नाही, बडवता.” त्यांनी चार महिने मला श्वास घ्यायला शिकवलं. गाठ गेली. मी मात्र त्यांच्याकडं जातच राहिलो, घशाबद्दल प्रश्न विचारत. शेवटी कंटाळून त्या म्हणाल्या, “एवढं आहे तर रीतसर शिका ना.”

बँड भांडून मोडला असता तर लोकांना बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. विट्याकडच्या बऱ्याच घरांसारखं गिटारवाल्याच्या घरचंही सोनं गाळायचं दुकान तमिळनाडूत, वडील थकले, तो तिकडं गेला. ड्रमवाल्याला परदेशात नोकरी लागली, बेसवाला खंडाळ्याला परतला. मी पस्तिसाव्या वर्षी, आईच्या हट्टानं केलेल्या बारावी सायन्सच्या जोरावर, वाचा-श्रवणाच्या डिप्लोमाला बसलो. वर्गातली मुलं मला पहिल्या दिवशी ‘सर’ म्हणून उभी राहिली. पुढं सांगलीत एका मोठ्या दवाखान्यात लागलो. केस कापायला तिथंही सांगितलं होतं. मी ते बांधतो.

माझ्याकडं येतात त्यातले बरेच स्वरयंत्र काढलेले. तंबाखू, विडी, बायकांमध्ये मिश्री. ऑपरेशननंतर माणूस गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. नाकातोंडाचा आणि फुप्फुसाचा संबंध तुटतो, आवाज जातो. मग मी त्यांना अन्ननलिकेतून बोलायला शिकवतो. तोंडानं थोडी हवा आत ढकलायची आणि ती वर येताना तिच्यावर शब्द बसवायचा. सरळ सांगायचं तर ढेकर द्यायचा आणि ढेकरात बोलायचं. आवाज येतो तो जाडा, खरखरीत. माझ्या जुन्या आवाजाचा सख्खा भाऊ.

दोन वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावातून सुभेदार आले. आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. हे खरोखरचे सुभेदार होते, आणि नोकरीतली बरीच वर्षं कवायतीचे उस्ताद. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या जवानाची टाच जुळवायची, तीही भोंग्याशिवाय. असल्या माणसाचं स्वरयंत्र काढलं होतं. मी ढेकराचं सांगितल्यावर त्यांनी लिहून बोलायची पाटी ओढली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘चारचौघांत ढेकर देणे नाही.’

सोबत काकू होत्या, त्यांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, “जेवल्यावर देत हुता की लय मोठा. सारी आळी उठायची.”

सुभेदारांनी त्यांच्याकडं असं बघितलं की मीच खुर्चीत ताठ झालो.

गळ्याला लावायचं बॅटरीचं यंत्र दाखवलं. पाटीवर आलं: ‘मी रेडिओ नाही.’ मग तीन आठवडे ते येत, बसत, आणि तोंड न उघडता जात. न यायला काय झालं होतं, असं मनात यायचं. पण हुकूम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं आणि डॉक्टरांनी ‘जा’ म्हटलं होतं.

चौथ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. मी मोबाइल काढला आणि म्हणालो, “सुभेदार, आवाजाची लाज काय असते ते मला शिकवू नका. हे ऐका. हा मी आहे.” आणि आमचं एक गाणं लावलं. पूर्ण आवाजात.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. चेहरा दगड. मग पाटीवर लिहिलं: ‘हा रोग कोणता?’

काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी हसलो. सुभेदारांचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, पण तेही हसत होते. मी सांगितलं, हे ऐकायला लोक तिकीट काढून यायचे. त्यांनी पुसून लिहिलं: ‘आणि तुम्हाला लाज नाही वाटली?’ मी म्हणालो, “पहिल्यांदा वाटली. मग कळलं, आवाज चांगला की वाईट ते ऐकणाऱ्यानं बघावं. माझं काम तो काढणं.”

त्या दिवशी त्यांनी पहिली हवा गिळली.

पाप, टाटा, काका हे पंधरा दिवसांत जमलं. प, ट, क म्हणताना ओठ आणि जीभ आपोआप हवा आत ढकलतात, म्हणून सुरुवात त्या अक्षरांनी. मग मी पुढचं कार्ड दिलं. मीच तयार केलेलं, दवाखान्याच्या खर्चानं छापलेलं: आम्ही, तुम्ही, आहे, होय, नाही, हात, पाहिजे. आणि सुभेदार अडकले ते अडकलेच. ‘ह’ म्हणायला फुप्फुसातली हवा गळ्यातून यावी लागते. ती वाटच बंद होती. मी म्हणायचो, ह नीट नाही आला तरी चालतं, पुढं जा. पण उस्ताद माणूस. छापलंय ते छापल्यासारखं आलं पाहिजे. ‘तुम्ही’ वर दहा मिनिटं झटायचे, मान लाल व्हायची, आणि शेवटी हवा संपायची. दोन महिने. माणूस वाळला. एके दिवशी कार्ड टेबलावर आपटून ते उठले आणि पाटी न घेताच दाराकडं निघाले.

काकू मागून म्हणाल्या, “आवं, डाक्टरला पुढल्या येळचं तरी इचारा की.”

सुभेदार चिडून वळले आणि म्हणाले, “कवा?”

म्हणाले. स्वच्छ. काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली.

“काय म्हनला?” त्यांनी विचारलं.

“पुडच्या बुदवारी?” ते माझ्याकडं बोट करून म्हणाले. एक घोट हवा, दोन शब्द.

ते दोघं गेल्यावर मी ते कार्ड हातात घेऊन बसलो आणि मला माझी भयंकर लाज वाटली. आम्ही, तुम्ही! कुणाच्या घरात बोलतात हे? माझ्या आईच्या तोंडून मी जन्मात ‘आम्ही’ ऐकलेलं नाही. आमी, तुमी, कवा, तवा, बगा, माजं, तुजं, लिवलं. आमच्या लोकांनी ह कधीच वाऱ्यावर सोडून दिलाय. उरलाय तो हाय, व्हय, न्हाई असल्या चार शब्दांत, आणि तिथंही नाही आला तर कुणी अडत नाही. ज्या बोलीला पोस्टरवर चढवून मी मिरवलो, ती दवाखान्याची पायरी चढताना मी चपलेसारखी बाहेर काढून ठेवली होती. चुलते खरंच बोलले होते म्हणायचे. मी मार्गाला लागलो होतो, आणि त्यापायी एका माणसाचे दोन महिने घालवले होते.

नवीन कार्ड मी हातानं लिहिली. विभागाच्या मॅडमनी बघितली आणि चष्मा काढला. “हे अशुद्ध आहे. दवाखान्याचं नाव आहे यावर.”

“मॅडम, हा माणूस घरी जाऊन कुणाशी बोलणार? व्याकरणाच्या पुस्तकाशी?”

“उद्या पुण्याचा पेशंट आला तर?”

“तर त्याला जुनं द्या. गठ्ठा तसाच पडलाय.”

त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. स्वतःशीच ‘आमी’ म्हणून बघितलं, मग ‘आम्ही’, गळ्यावर बोट ठेवून. आणि सही केली. बाई शास्त्राची होती.

त्यानंतर सुभेदार धावायला लागले. आणि श्रावणात एक दिवस त्यांनी एवढं झटण्याचं खरं कारण सांगितलं, पाटी न वापरता, अर्ध्या तासात. त्यांच्या भागातला एक साखर कारखाना, त्याचे ते सभासद. कारखान्याच्या शाळेचं मोठं मैदान होतं. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी ते तिथं भरतीला जाणाऱ्या पोरापोरींची कवायत घ्यायचे. ते मैदान मंगल कार्यालयाला द्यायचा ठराव वार्षिक सभेत येणार होता. असल्या सभेचं काय असतं ते आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. वाचणारा ठराव वाचतो, पुढच्या रांगा ‘मंजूर, मंजूर’ ओरडतात, आणि चहा येतो.

“त्ये मैदान जानार,” सुभेदार म्हणाले. दम घेतला. “त्ये कळतं मला. पन सगळ्यांनी दिलं, असं लिवायला नको.”

“म्हणजे?”

“सर्वानुमते. त्यो शब्द. त्यात मी न्हाई.”

एवढंच पाहिजे होतं त्यांना. ‘नामंजूर’ हा एक शब्द, उभं राहून, तोंडानं. लिहून दिलेला कागद खिशात जातो, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

सभेला पाच आठवडे होते. आणि नेमका तोच शब्द येईना. न आणि म नाकातून जातात, त्यांच्यानं हवा आत जात नाही. पाटाच्या तोंडालाच पाणी नाही अशी गत. ‘ना’ म्हणेपर्यंत सगळं रिकामं. ते चिडले, मी चिडलो. एकदा वैतागून मी म्हणालो, “जाऊ द्या, नुसता हात वर करा.”

“पन—” त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. त्या ‘प’नं हवा भरली होती. आम्ही एकमेकांकडं बघितलं. “पन नामंजूर,” ते म्हणाले. पूर्ण. काठोकाठ. मग खोलीत येरझाऱ्या घालत आठ-दहा वेळा म्हणाले, आणि बाहेर रांगेत बसलेले लोक दारातून डोकावून बघायला लागले.

सभेला मी गेलो. सभासद नव्हतो, म्हणून मांडवाच्या मागं चहाच्या टेबलापाशी उभा राहिलो. सुभेदार कडक इस्त्रीत, गळ्याच्या भोकावर पांढरा रुमाल. मैदानाचा ठराव सहावा होता. वाचून संपायच्या आतच पुढं ‘मंजूर, मंजूर’ सुरू झालं. सुभेदार उठले आणि मधल्या वाटेतल्या माइकपर्यंत चालत गेले, कवायतीच्या पावलानं, घाई न करता.

“पन नामंजूर.”

कर्ण्यांतून तो आवाज आला आणि मांडव गप्प झाला. मी अशी शांतता मोठमोठ्या कार्यक्रमांत पहिल्या आरोळीनंतर ऐकलेली आहे. अजून लोकांनी काय ते ठरवलेलं नसतं. मग कुणीतरी म्हणालं, “माइक फाटलाय रं,” आणि हशा झाला.

“त्यो माइक न्हाई,” सुभेदार म्हणाले. “गळा.”

हशा विझला. व्यासपीठावरून अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, “सुभेदार, बसा. तरास घिऊ नका. तुमचं काय असंल त्ये लिवून द्या.”

“लिवून न्हाई. बोलून.”

“पन ऐकूच येत न्हाई हो नीट. काय लिवायचं आमी?”

ते खोटं होतं. माझ्यापर्यंत शब्द न् शब्द आला होता. माझ्या पोटात दाब भरला. एक आरोळी, बस. कर्ण्याशिवाय मांडवाच्या कनाती हलवल्या असत्या मी. बारा वर्षं मी त्याचसाठी तर गळा कमावला होता. आणि तोंड उघडलेलंच असताना मला दिसलं की मी तेच करणार होतो जे ते अध्यक्ष करत होते: त्यांचा शब्द त्यांच्या हातून काढून घेणार होतो. मी दात आवळले. एवढं गप्प बसणं मला जन्मात कधी जड गेलं नव्हतं.

सुभेदारांनी हवा घेतली. “पन नामंजूर.” पुन्हा घेतली. “सर्वानुमते खोडा. पन नामंजूर.” तिसऱ्यांदा आवाज चिरकला, शेवटचा र गेला. ते थांबले, रुमाल सारखा केला, आणि चौथ्यांदा म्हणाले. सगळा.

अध्यक्षांनी इकडंतिकडं पाहिलं आणि शेजारच्या कारकुनाला हात हलवून खूण केली. कारकून म्हातारा, सुभेदारांच्याच गावातला. त्यानं वहीत एक शब्द खोडला, माझ्या जागेवरून हाताची ती आडवी ओढ दिसली. ठराव बहुमतानं मंजूर झाला. मैदान गेलं. मग कारकून नियमाप्रमाणं उभा राहिला आणि विचारलं, “विरोध करनाऱ्याचं नाव?”

अख्ख्या तालुक्याला ठाऊक असलेलं नाव. सुभेदारांनी टाचा जुळवल्या आणि सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. एवढं सांगतो की त्यात मधेच एक ह आहे, आणि तो आला नाही. त्यांच्या गावात तो तसाही कुणी म्हणत नाही. कारकुनानं नाव बरोबर लिहिलं.